हतनूरच्या फुगवट्यावर दिवाळी ते संक्रांत बदकं मोजायची आहेत. जागा, वेळ आणि पद्धत सांगा

पूर्णाकाठ

राम राम मंडळी. यंदा आम्ही तिघं दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारपासून संक्रांतीपर्यंत दर पंधरवड्याला हतनूर धरणाच्या फुगवट्यावर बदकं मोजणार आहोत. तापी-पूर्णेच्या संगमाची, चांगदेव-मेहूणकडची बाजू धरली आहे. सामान म्हणजे ८×४२ च्या दोन दुर्बिणी, २०-६० चा एक स्पॉटिंग स्कोप आणि एक हलका ट्रायपॉड.

पक्षी ओळखता येतात, पण ते जवळ असले आणि नर असला तर. खरी अडचण वेगळी आहे. थवा अर्धा किलोमीटर लांब असतो, त्यात वारकऱ्यांची (म्हणजे कूट किंवा चांदवा या काळ्या पाणपक्ष्यांची) गर्दी, आणि कार्तिकात सगळी बदकं एकसारखी तपकिरी दिसतात. तेव्हा चार गोष्टी विचारतो. कोणत्या काठावर उभं राहावं आणि किती वाजता? मोठा थवा नेमका कसा मोजावा? तपकिरी बदकांत फरक कसा करावा? आणि शेवटची गोष्ट म्हणजे काठावरच्या गावांत लोक विचारतात, "पूर्वी लोक बदकं मारायचे, आता बंदुकीचा परवाना असला तर चालतं का?" त्यांना नीट, नेमकं काय सांगावं?

गाळपेर

जागेचं आणि वेळेचं मी सांगतो. मोजणीचं इथं इतर जाणकार सांगतीलच.

शिकाऱ्याला जे पाहावं लागायचं तेच मोजणाऱ्यालाही पाहावं लागतं: वारा, ऊन, आडोसा आणि पाण्याची पातळी. यातली पातळी सगळ्यात महत्त्वाची, आणि तिच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं.

पावसाळा सरताना धरणाचे दरवाजे बंद होतात आणि फुगवटा काठोकाठ भरतो. दिवाळीच्या सुमारास पाणी बाभळींच्या बुडापर्यंत असतं. उथळ कडा बेशरमच्या झुडपांत बुडालेल्या असतात. तेव्हा बदकं विखुरलेली, कुठे वीस तर कुठे पन्नास. "यंदा बदकं आलीच नाहीत" ही ओरड दर वर्षी याच काळात होते. बदकं आलेली असतात, फक्त एका जागी जमलेली नसतात. पुढे रब्बीची आवर्तनं सुटली की पाणी उतरत जातं. हतनूरमध्ये गाळ भरपूर साठलेला असल्याने थोडं पाणी उतरलं तरी गाळाचे मोठे पट्टे आणि बेटं उघडी पडतात. मग टिचभर ते हातभर पाण्यात चरणारी थापटे, चक्रांग, तलवार बदकं त्या कडेला गोळा होतात. म्हणून नोव्हेंबरचा आकडा लहान आणि डिसेंबरअखेरचा मोठा निघाला, तर त्यातला किती भाग नव्याने आलेल्या बदकांचा आणि किती नुसत्या एकत्र येण्याचा, हे पातळी लिहिल्याशिवाय कळणार नाही. दर फेरीला एकाच खुणेपासून पाणी किती पावलं मागे गेलं ते लिहा. एखादा खडक, घाटाची पायरी, विहिरीचं तोंड, काहीही चालेल. खूण मात्र हंगामभर बदलायची नाही.

आता काठ कोणता ते. तापी पूर्व-पश्चिम वाहते, म्हणून आपल्याला उत्तर आणि दक्षिण असे दोन काठ मिळतात. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो. दक्षिण काठावर उत्तरेकडे तोंड करून उभं राहिलात तर सकाळपासून दुपारपर्यंत ऊन पाठीशी राहतं आणि रंग स्वच्छ दिसतात. पण थंडीचा वारा बहुतेक उत्तरेकडून असतो. वाऱ्याच्या दिवशी बदकं आडोशाच्या शांत पाण्यात, म्हणजे उत्तर काठाला चिकटून बसतात. तिथून ती जवळ दिसतील, पण उन्हाविरुद्ध, नुसत्या काळ्या आकृत्या. यावर उपाय एकच: वारा पडलेला असेल तर दक्षिण काठ. वारा असेल तर उत्तर काठावर जायचं, पण उजाडल्यापासून पहिल्या तासात. तेव्हा सूर्य अजून आग्नेयेला खाली असतो, आणि पश्चिमेकडे वळून पाहिलं तर उजेड मिळतो. तास उलटला की त्या काठावरून नुसती मोजणी करा, ओळखीच्या भानगडीत पडू नका.

वेळ म्हणाल तर दुर्बिणीला उजाडल्यानंतरचे दोन-अडीच तास चांगले. साधारण दहाच्या पुढे पाण्यावरची हवा तापून थरथरायला लागते. तेव्हा स्कोप ६० वर नेला की थरथरही तेवढीच मोठी दिसते आणि चोचीचा आकार वितळतो. २५-३० वरच ठेवा. दिसत नसेल तर थांबा, मोठेपणा वाढवून काही हाती लागत नाही. पौष-मार्गशीर्षात तापीवर धुकं असतं. उजाडताच पोहोचूनही ते फिटेपर्यंत बसून राहावं लागतं, तेवढा वेळ धरूनच निघा.

हलक्या ट्रायपॉडचं एक सांगतो. मधला दांडा वर काढू नका, त्यानेच सगळं हलतं. पाय पसरून बसून वापरा आणि खालच्या हुकाला पाण्याची भरलेली बाटली टांगा. ओल्या गाळावर पाय रुतून स्कोप हळूहळू कलतो. तिन्ही पायांखाली डब्याची चपटी झाकणं ठेवली की प्रश्न मिटतो.

आणि गाळावर उतरू नका. वरून पापुद्रा सुकलेला, भेगा पडलेला दिसतो, खाली मांडीपर्यंत चिखल असतो. जिथे गाळपेर (पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या गाळात केलेली पेरणी) केलेली आहे तिथे बांधावरून, शेतकऱ्याला विचारूनच जा. पेरलेल्या पट्ट्यातून चालायचं नाही.

दहाचा_गठ्ठा

गाळपेर दादांनी पातळीचं अगदी बरोबर सांगितलं. आता मोजणी.

दोनशेपर्यंतचा थवा एकेक करून मोजता येतो, तेव्हा आळस नको. त्यापुढे गठ्ठ्याने मोजायचं. थव्याच्या कडेची दहा बदकं खरोखर एकेक मोजा. त्यांनी दुर्बिणीत किती जागा व्यापली ती डोळ्यांत ठेवा. मग तेवढ्याच मापाचे गठ्ठे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे मोजत जा. थवा हजाराच्या घरात असेल तर दहावरून पन्नासाचा गठ्ठा ठरवा, पण पन्नाससुद्धा आधी मोजून पाहा, मनाने धरू नका. चूक होते ती इथेच. कडेला बदकं विरळ असतात, मध्ये दाट. कडेच्या मापाने मधला भाग मोजला की आकडा कमी भरतो. दाट थव्याचा अंदाज जवळजवळ नेहमी कमीच येतो. म्हणून एक गठ्ठा कडेचा आणि एक मधला, अशी दोन मापं घ्या.

तुम्ही तिघं आहात हे उत्तम. एकाने मोजायचं, दुसऱ्याने स्वतंत्र मोजायचं, तिसऱ्याने लिहायचं आणि आकाशावर लक्ष ठेवायचं. मोजून होईपर्यंत दोघांनी आकडा मोठ्याने बोलायचा नाही. एकाच्या तोंडून "आठशे" निघालं की दुसऱ्याचेही आठशेच होतात. दोन आकड्यांत पाचव्या हिश्शाहून जास्त फरक आला तर दोघांनी पुन्हा मोजायचं. त्याहून कमी असेल तर दोन्ही लिहा आणि सरासरी वेगळ्या रकान्यात.

जाती वेगळ्या करायला दुसरी फेरी. आधी सगळ्या बदकांचा एकच आकडा घ्या, वारकरी वगळून. वारकऱ्यांचा आकडा स्वतंत्र. ती काळी, पांढऱ्या कपाळाची असल्याने दुर्बिणीतूनही वेगळी पडतात. मग स्कोप थव्याच्या तीन वेगवेगळ्या ठिकाणी लावा आणि प्रत्येक ठिकाणी सलग पन्नास बदकांची जात पाहा. समजा एकूण ६४० निघाले. तीन ठिकाणी थापटे अनुक्रमे २४, ३१ आणि २० मिळाले, म्हणजे दीडशेत ७५, निम्मे. तर थापटे ३२० धरायचे. हे गणित तेव्हाच खरं, जेव्हा तिन्ही नमुने वेगवेगळ्या खोलीवरचे असतात. थापटे आणि चक्रांग कडेला असतात, लालसऱ्या आणि शेंडी बदकं मधल्या खोल पाण्यात. तिन्ही नमुने कडेचेच घेतले तर कागदावर लालसरी उरणारच नाही. आणि जी जात पन्नासच्या आत आहे, तिचं गणित करायचं नाही. चक्रवाक, पट्टकादंब (डोक्यावर पट्टे असलेला हंस), नकटा हे थेट मोजायचे.

बुड्या मारणाऱ्या बदकांची अडचण निराळी. लालसरी, नयनसरी, शेंडी बदक चरत असताना काही कायम पाण्याखाली असतात. एकदा मोजलं तर आकडा कमीच येणार. तीनदा मोजा, मध्ये दोन-दोन मिनिटं थांबा आणि सगळ्यात मोठा आकडा घ्या. इथं सरासरी काढायची नाही.

दुहेरी मोजणी टाळायला वेळ लिहा. ७ वाजून २० मिनिटांनी दीडशेचा थवा मेहूणकडून चांगदेवकडे गेला, एवढी नोंद असली की पुढच्या जागी तेच दीडशे पुन्हा धरले जात नाहीत. दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी पाण्यावरून फिरायला लागला की वारकरी एकमेकांना चिकटून दाट गोळा करतात आणि बदकं उठतात. त्या वेळी मोजायला धावू नका. मोबाइल किंवा कॅमेऱ्याने उडत्या थव्याचे ओळीने चार-पाच फोटो घ्या, प्रत्येक फोटोत मागच्याचा थोडा भाग येऊ द्या. घरी मोठ्या पडद्यावर चौकटी पाडून ठिपके देत मोजा. कित्येकदा हाच आकडा सगळ्यात भरवशाचा असतो.

नयनसरी

तपकिरी बदकांचं मी घेते, कारण याच ठिकाणी सगळे अडकतात आणि वैतागून "इतर बदके" लिहून मोकळे होतात.

आधी कारण समजून घ्या. उन्हाळ्यात वीण झाली की नर बदकं पिसं टाकतात आणि काही महिने मादीसारखी तपकिरी दिसतात. आपल्याकडे येतात ती अशाच वेषात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बहुतेक नर अर्धे रंगलेले असतात आणि डिसेंबरच्या मध्यापर्यंत पूर्ण रंग येतो. भुवई बदकाचा नर याला अपवाद, तो तपकिरी वेष थंडीत खूप उशिरापर्यंत सोडत नाही. त्यामुळे नोव्हेंबरात "सगळ्या माद्याच दिसल्या" अशी नोंद करू नका. नर-मादीचा रकाना डिसेंबरअखेरपर्यंत कोराच ठेवलेला बरा.

रंग बाजूला ठेवा. चोच, मान, बूड आणि चरण्याची रीत पाहा.

थापट्या सगळ्यात सोपा. चोच डोक्याहून लांब आणि टोकाला फावड्यासारखी पसरट. मान पुढे ताणून, चोच पाण्याला लावून सारखा चाळत राहतो. कधी कधी पाच-सहा जण गोल फिरत एकमेकांच्या मागे चरतात. तलवार बदकाची मादी म्हणजे लांब बारीक मान, साधा सपाट तपकिरी चेहरा, राखाडी चोच आणि मागे टोकदार शेपूट. बाकीची बदकं डोकं आखडून बसलेली असली तरी हिची मान त्यांच्यावर डोकावते. गडवालची मादी चटकन तिच्यासारखी वाटते, पण तिच्या चोचीच्या दोन्ही कडा नारिंगी असतात आणि मिटलेल्या पंखाच्या मागच्या बाजूला पांढरा चौकोनी ठिपका डोकावतो. उडाली की तो पांढरा तुकडा स्पष्ट दिसतो. तरंग बदकाचं डोकं गोल, चोच आखूड, निळसर राखाडी, टोक काळं. काठावर चढून गुरांसारखं गवत कुरतडताना दिसलं तर बहुतेक तरंगच.

खरी गाठ पडते ती चक्रांग आणि भुवई यांच्याशी. दोन्ही लहान. भुवईच्या चेहऱ्यावर पट्टे असतात: डोळ्यातून एक गडद रेघ, तिच्या वर आणि खाली फिकट रेघा, चोचीच्या मुळाशी फिकट ठिपका आणि गळा पांढुरका. चक्रांगाचा चेहरा साधा, पण शेपटीच्या बाजूला एक फिकट पिवळट आडवी रेघ असते. ही रेघ झोपलेल्या पक्ष्यातही दिसते, डोकं पंखात घातलेलं असलं तरी. लांबून मोजताना मी आधी बूड पाहायला सांगते, चेहरा नंतर.

धनवर, म्हणजे आपलं हळदीकुंकू बदक, स्थानिक आहे. नर-मादी जवळजवळ सारखे. काळ्या चोचीचं टोक पिवळं आणि मुळाशी लाल ठिपके. एकदा दिसलं की पुन्हा चुकत नाही. पण उन्हाविरुद्ध कुंकू दिसत नाही, फक्त हळद दिसते.

आता बुड्या मारणाऱ्यांकडे. लालसरीचं कपाळ आणि चोच एका उतारावर, घसरगुंडीसारखी. या जातीला जागतिक यादीत २०१५ पासून संकटग्रस्ततेचा 'असुरक्षित' दर्जा आहे, म्हणून तिचा आकडा जपून घ्या. नयनसरी आणि शेंडी बदक यांत गोंधळ होतो तो पांढऱ्या बुडामुळे. नयनसरीचं बूड शेपटीखाली लख्ख पांढरं असतं, पण शेंडी बदकाच्या काही माद्यांतही शरदात पांढरट बूड दिसतं. नुसत्या बुडावरून नयनसरी लिहू नका. डोळा पाहा: शेंडी बदकाचा पिवळा, नयनसरीच्या नराचा पांढरा, मादीचा तपकिरी. डोकंही वेगळं. नयनसरीचा माथा उंच, मध्येच टोक आल्यासारखा. शेंडी बदकाचं डोकं चौकोनी, मागे छोटी शेंडी किंवा नुसता उंचवटा.

इतकं करूनही काही पक्षी ओळखू येणार नाहीत. तिथे "बदक, जात नक्की नाही" असा स्वतंत्र आकडा लिहा. थव्याच्या प्रमाणात ते वाटून टाकू नका. वीस नक्की आणि ऐंशी अनिश्चित ही नोंद खरी असते. शंभर अंदाजे थापटे ही नोंद पुढे कुणाच्याच कामी येत नाही.

सातपुडा_पायथा

शिकारीच्या प्रश्नाचं उत्तर काठावरच्या माणसाला आडपडदा न ठेवता सांगावं. चालत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा, आणि त्याच्या कलम ९ प्रमाणे अनुसूचीतल्या वन्यप्राण्याची शिकार हा गुन्हा आहे. रानबदकं त्यात येतात. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, अनुसूच्या नव्याने लावल्या आणि दंडही वाढले.

लोकांचा गोंधळ दोन ठिकाणी होतो. पहिला परवान्याचा. बंदुकीचा परवाना शस्त्र कायद्याखालचा असतो. तो बंदूक बाळगायला आहे, पक्षी मारायला नाही. पीक राखायला मिळालेल्या बंदुकीनेही बदक मारता येत नाही. दुसरा गोंधळ 'शिकार' या शब्दाचा. कायद्यात शिकार म्हणजे नुसती गोळी घालणं नव्हे. जाळं लावणं, फास टाकणं, विष घालणं, पकडणं, अंडी नेणं किंवा घरटं मोडणं, आणि यातल्या कशाचाही प्रयत्न करणं, सगळं त्यात मोडतं. रात्री काठावर जाळी ताणून ठेवणारा माणूस म्हणतो "मी काही मारलं नाही", त्याला हे सांगावं लागतं. पाळीव बदकाचा विषय वेगळा, त्याला हा कायदा लागत नाही.

जाळी दिसली तर हात लावू नका आणि तिथे कुणाशी वाद घालू नका. मोबाइलवर जागेचे अक्षांश-रेखांश घ्या, लांबून फोटो काढा, वेळ लिहा आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. मासेमारीच्या जाळ्याचा तुकडा गाळात राहून त्यात वारकरी किंवा टिबुकली जिवंत अडकलेली असेल तर आधी तिच्या डोक्यावर फडकं टाका, ती शांत होते. मग धागा ओढू नका, कात्रीने कापा, पायाजवळून सुरुवात करून पंखाकडे या. ओढल्याने नायलॉन मांसात रुततं. उडता आली नाही तर खोक्यात ठेवून वन विभागाकडे द्या. पाणी किंवा दाणे तोंडात कोंबू नका.

मेलेली बदकं दिसली तर मात्र अजिबात स्पर्श नको, एक असो की दहा. आपल्याकडे हे विसरता येत नाही. देशात बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरच्या कोंबड्यांत सापडला होता, आणि २०२१ मध्येही तिथे पुन्हा कोंबड्या माराव्या लागल्या. कुत्री दूर ठेवा, जागा लिहा, पशुसंवर्धन विभागाला आणि १९२६ ला दोन्हीकडे कळवा. बुटांचा चिखल तिथेच धुऊन निघा. घरी कोंबड्या असतील तर ते बूट खुराड्याकडे नेऊच नका.

आणखी एक. धरणाची भिंत, दरवाजे यांचे फोटो काढू नका, आणि भुसावळ-वरणगाव पट्ट्यात आयुध निर्माण्या आहेत, तेव्हा ड्रोनचा विचारही नको. ड्रोनने बदकं उठतात ते वेगळंच.

पांझरा

धुळे-नंदुरबारकडून एक भर आणि गाळपेर दादांच्या म्हणण्याला एक पुरवणी.

पातळीचा नियम हतनूरसारख्या उथळ, गाळ साठलेल्या धरणाला लागू. खाली तापीवर सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा इथे बॅरेज आहेत. तिथे नदीच्या पात्रातच पाणी अडवलेलं असतं, काठ उभे, गाळाचे पट्टे कमी. तिथे चरणारी बदकं थोडी, बुड्या मारणारी आणि पाणकावळे जास्त. एका ठिकाणी उभं राहून भागत नाही, पुलावरून आणि दोन्ही काठांवरून तुकडे पाडून मोजावं लागतं. मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीला, सारंगखेड्याची यात्रा भरते. त्या आठवड्यातला आकडा इतर आठवड्यांशी ताडून पाहू नका. गर्दी, भोंगे आणि दिवे यामुळे पक्षी सरकलेले असतात.

धुळ्याचा नकाणे तलाव किंवा जळगावचा मेहरूण तलाव नवशिक्यांना सरावासाठी चांगला. अंतर कमी, पक्षी माणसाला सरावलेले. दोन रविवार तिथे गठ्ठा मोजायचा सराव करून मग हतनूरला गेलात तर पहिल्याच फेरीचा आकडा वाया जाणार नाही.

सकाळचीच मोजणी पुरेशी आहे असं वाटत असेल तर पट्टकादंबांच्या बाबतीत चूक होईल. ते आणि बरीचशी बदकं संध्याकाळी पाण्यावरून उठून गहू-हरभऱ्याच्या शेतात चरायला जातात आणि पहाटे परततात. चांदण्या रात्री रात्रभर चरतात आणि दिवसा पाण्यात मान पंखात घालून झोपतात. म्हणून पौर्णिमेच्या आसपासच्या सकाळी झोपलेली बदकं जास्त आणि ओळख अवघड. पट्टकादंबांसाठी सूर्यास्ताआधी अर्धा तास काठावर बसा आणि उडणाऱ्या रांगा मोजा. रांग उडत असताना एकेक मोजता येते. एखाद्याच्या मानेत रंगीत पट्टी किंवा पायात कडं दिसलं तर पट्टीचा रंग, त्यावरची अक्षरं आणि अक्षरांचा रंग तिन्ही लिहा. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवलं की पक्षी कुठून आला हे कळू शकतं.

गाळपेर

पांझरा भाऊ, पट्टकादंबांचं पटलं. पण संध्याकाळी उत्तर काठावर केळीच्या बागांच्या कडेने जाणार असाल तर आधी मालकाला सांगून ठेवा. अंधारात टॉर्च घेऊन फिरणाऱ्याला लोक चोर समजतात, आणि टॉर्चने पक्षीही उठतात. लाल कागद लावलेली छोटी टॉर्च, तीही जमिनीकडे.

जवळ किती जावं हे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. चरणारी बदकं चोच पाण्यात घालून असतात. त्यातल्या काहींनी एकदम माना उभ्या केल्या आणि चरणं थांबवलं की तुम्ही जास्त जवळ आलात. तिथेच थांबा. हालू नका, पाच मिनिटांत माना खाली येतात. माना उभ्या असताना आणखी दहा पावलं टाकली की सगळा थवा उठतो आणि त्या सकाळची मोजणी संपली. पांढरा सदरा, चमकणारी टोपी नको. झुडपाच्या पुढे नाही, मागे बसा, आणि आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभे दिसाल अशा बांधावर चढू नका. गाडी काठाला नेता येत असेल तर गाडीतूनच मोजा. पायी माणसापेक्षा उभी गाडी त्यांना कमी खुपते.

पूर्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. पातळीची खूण म्हणून घाटाच्या पायऱ्या ठरवल्या. वहीचे रकाने असे केलेत: तारीख, जागा, सुरू आणि संपली वेळ, पाण्याची पातळी, वारा, दृश्यता, एकूण बदकं दोन आकडे, वारकरी, जातवार, अनिश्चित, त्रास. जानेवारीतल्या आशियाई पाणपक्षी गणनेत हीच नोंद देता येईल का, आणि यात काय राहिलं?

दहाचा_गठ्ठा

देता येईल. ती गणना भारतीय उपखंडात १९८७ पासून दर जानेवारीत होते. त्यासाठी जागेचं नाव आणि सीमा तीच ठेवा, मध्येच "संगम" आणि "संगम ते मेहूण" असं बदललं की जुन्या आकड्यांशी जोड तुटते.

रकान्यांत तीन गोष्टी घाला. किती जणांनी मोजलं. कोणत्या साधनाने मोजलं, म्हणजे नुसत्या दुर्बिणीने की स्कोपने. आणि किती भाग दिसलाच नाही: धुकं, बेशरमची झाडी किंवा बेटाआडचा भाग, अंदाजे पाव, अर्धा असं. "त्रास" या रकान्यात नुसतं "होता" लिहू नका. होड्या किती, जाळी किती, कुत्री, ट्रॅक्टर, फोटोवाले, आणि त्यामुळे थवा किती वाजता उठला ते लिहा. बदक एकही दिसलं नाही त्या फेरीलाही शून्य लिहा. कोरी जागा आणि शून्य यात फरक आहे, कोरी म्हणजे तुम्ही गेलाच नाहीत असा अर्थ होतो.

पहिल्या फेरीचा तक्ता इथे टाका, गठ्ठ्याच्या मापासकट. पन्नासाचा गठ्ठा कडेचा किती रुंद आणि मधला किती रुंद आला ते पाहून पुढच्या फेरीसाठी सांगता येईल.